दात उपटणं आणि दात राखणं

उमरठ म्हटलं की तानाजी मालुसरे. रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या गावात तानाजींची समाधी आहे आणि शेलारमामांचीही आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर तानाजी पडले आणि त्यांचा देह मढे घाटातून खाली उतरवून उमरठला आणला, असं आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने हे गाव महाराष्ट्रभर पोचवलं. आजही तानाजींच्या पुण्यतिथीला इथे लांबलांबून माणसं येतात.

या गावाच्या निमित्ताने मी आज बोलणार आहे तो विषय मात्र अगदीच साधा आहे. दातांचा. तुम्ही म्हणाल, कुठे तानाजी आणि कुठे दाढदुखी! पण मंडळी, बखरी आणि पोवाडे रणातल्या जखमा मोजतात. रात्रभर गाल धरून बसलेल्या माणसाची नोंद कोण करणार? तलवार सगळ्यांच्या हाती नव्हती, दात मात्र सगळ्यांच्याच तोंडात होते. दाढ ठणकायला लागली की सरदार काय आणि नांगरधरा काय, दोघांनाही तारेच दिसतात. त्या माणसाच्या मदतीला कोण येत होतं, आज कोण येतं, आणि उमरठसारख्या गावापर्यंत ते का पोचत नाही, हाही इतिहासच आहे. तो दातांच्या डॉक्टरचा, म्हणजे साध्या भाषेत डेंटिस्टचा इतिहास आहे.

ज्ञान जुनं, उपाय दुबळे

दातांविषयी आपल्याकडे विचार झाला नव्हता असं नाही. सुश्रुतसंहितेत मुखाचे पासष्ट रोग मोजले आहेत. त्यांतले पंधरा दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे आणि आठ प्रत्यक्ष दातांचे. दातांवर चढलेलं किटण खरवडण्यासाठी ‘दंतशंकू’ नावाचं हत्यारही त्यात सांगितलं आहे. चरकसंहितेत दात घासायला करंज, रुई, कण्हेर, अर्जुन, असाणा अशा झाडांच्या काड्या सुचवल्या आहेत; काडीचं टोक चावून मऊ करावं, दिवसातून दोनदा दात घासावेत आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असंही बजावलं आहे. आजचा डॉक्टर याहून वेगळं काय सांगतो? आमच्या मुसलमान घरांत मिस्वाकची काडी होती. पैगंबरसाहेबांनी तिची शिफारस केलेली, म्हणून वजू करण्याआधी म्हातारी माणसं ती आवर्जून फिरवत. शेजारच्या घरात कडुनिंब, आमच्या घरात मिस्वाक. दात दोन्हीकडचे सारखेच घासले जात.

पण घासणं वेगळं आणि दुखणं वेगळं. एकदा दाढ पोखरली गेली की पुढे काय? लवंग दाढेखाली धरायची, अक्कलकाढा चावायचा, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायच्या. याने घटकाभर बरं वाटे. मग वैदू. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घ्यायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. धुरी घेतल्यावर तोंडातून पांढुरके कण बाहेर पडत आणि वैदू ते दाखवून म्हणे, “ही बघा कीड!” ते कण बियांचेच असत. पण दुखण्याला चेहरा मिळाला, शत्रू दिसला, की माणसाला निम्मं बरं वाटतं.

दातात अळी असते ही समजूत काही आपल्या एकट्याची नाही. प्राचीन बॅबिलोनियातही ती होती. पॅरिसचा दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली दातांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात ही अळी नाकारली. आधुनिक दंतवैद्यकाचा तो आरंभग्रंथ मानतात. पुढे १८९० साली विलोबी मिलर यांनी खरं कारण मांडलं. तोंडात राहिलेलं पिठूळ आणि गोड अन्न जिवाणू आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दात झिजवतं. शास्त्राने अळी काढून टाकली. आपण मात्र अजूनही ‘दाताला कीड लागली’ असंच म्हणतो. भाषा इतक्या लवकर दात सोडत नाही.

या सगळ्या काळात शेवटचा उपाय एकच होता, उपटणं. जगात सगळीकडे ते काम न्हावी, लोहार, जत्रेत फिरणारे वैदू यांच्याकडे होतं. हातात पकड, दोघांनी धरलेलं डोकं आणि एक किंकाळी. दात ‘राखणं’ हा विचारच त्या काळी शक्य नव्हता, कारण दात राखायचा तर तो कोरावा लागतो आणि शुद्धीवरच्या माणसाचा दात कोरायचा तर आधी वेदना थांबवावी लागते.

वेदना थांबली, मग दात वाचले

म्हणून या व्यवसायाचा खरा जन्म बधिरीकरणाबरोबर झाला, असं मला वाटतं. आणि गंमत पाहा, तो शोध लावण्यात दातांचेच डॉक्टर पुढे होते. अमेरिकेतल्या होरेस वेल्स या डेंटिस्टने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. त्याचा सहकारी विल्यम मॉर्टन, हाही डेंटिस्टच. त्याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या रुग्णालयात सर्वांसमक्ष एका रुग्णाला ईथर दिला आणि वेदनेशिवाय शस्त्रक्रिया होऊ शकते हे जगाला दिसलं. आज हृदयाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया होते, तिच्या मुळाशी दाढदुखीने दिलेली ही देणगी आहे.

पुढची पावलं भराभर पडली. १८७१ साली जेम्स मॉरिसनने पायाने चालवायचं कोरण्याचं यंत्र आणलं, शिवणयंत्रासारखं. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि हिरडीच्या आतलं मूळ दिसू लागलं. १९०५ साली आइनहॉर्न यांनी प्रोकेन आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. आज तुमचा ओठ तासभर जड होतो तो या लिग्नोकेनमुळेच. १९५७ मध्ये जॉन बॉर्डन यांचं हवेच्या दाबावर चालणारं यंत्र आलं, मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेणारं. ‘घुंईऽऽ’ असा तो आवाज दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्यांच्या पोटात गोळा आणतो खरा. पण याच यंत्रामुळे दहा मिनिटांत दाढ कोरून भरता येऊ लागली.

आइस्क्रीमच्या पैशावर कॉलेज

हे शिक्षण आपल्या देशात आणलं ते डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी. जन्म १८९० चा, पूर्व बंगालमधला. अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठातून १९१५ साली त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि १९२० साली कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. पैसा कुठून आणायचा? त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं आइस्क्रीमचं दुकान चालवलं आणि त्या कमाईवर कॉलेज उभं केलं. गोड खाऊ घालून दातांचं कॉलेज चालवणारा हा माणूस मला फार आवडतो. पहिल्या तीन वर्षांत मिळून विद्यार्थी आले अकरा. ‘दात काढायला कशाला शिकायला हवं?’ असं वाटणाऱ्या समाजात अकराही थोडे नव्हेत. १९२५ साली त्यांनी दंतवैद्यकाचं नियतकालिक सुरू केलं. १९४९ मध्ये आपलं कॉलेज त्यांनी सरकारच्या स्वाधीन केलं. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं आणि पुढच्या वर्षी ते गेले. आज ते कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी मुंबईची होती. तिने १९२३ साली मुंबईत, अब्दुल रहमान स्ट्रीटवर, स्वतःचा दातांचा दवाखाना थाटला. नाव फातिमा जिना. होय, महंमद अली जिनांची बहीण. पुढे १९२९ मध्ये भावजय रतनबाई गेल्या आणि भावाचं घर सांभाळण्यासाठी फातिमांनी दवाखाना बंद केला. नंतरचं राजकारण आपल्याला ठाऊक आहे, तो आजचा विषय नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की, शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या भरवस्तीत एक तरुण स्त्री हातात अवजार घेऊन परक्या माणसांच्या तोंडात पाहत होती. आज दंत महाविद्यालयांच्या वर्गात मुली मोठ्या संख्येने दिसतात, त्या वाटेवरची ही एक पहिली पाटी.

मुंबईत १९३३ साली नायर दंत महाविद्यालय सुरू झालं. बोरीबंदरजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय उभं राहिलं. शिवाय मुंबईत चिनी डेंटिस्ट होते. चीनच्या हुबेई प्रांतातून आलेल्या कुटुंबांनी बापाकडून मुलाकडे, असा हा धंदा चालवला. पाटीवर दातांचं मोठं चित्र आणि आत स्वच्छ, मोजकं बोलणारा माणूस. रस्त्याच्या कडेला सतरंजीवर कवळ्या मांडून बसणारेही होते. मुंबईत पोटासाठी आलेल्या आमच्या कोकणातल्या माणसाने डेंटिस्ट पहिल्यांदा पाहिला तो असा. कुणी नायरला, कुणी चिन्याकडे, कुणी फूटपाथवर.

यांत डॉक्टर कोण आणि कारागीर कोण, हे ठरवलं १९४८ च्या डेंटिस्ट्‌स ॲक्टने. या कायद्याने दोन याद्या केल्या. ‘अ’ भागात मान्यताप्राप्त पदवीधर आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं याच कामावर पोट भरणारे. जुन्यांना उपाशी न मारता नव्यांना शिस्त लावणारा हा शहाणा मार्ग होता. १९४९ मध्ये डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली. म्हणजे १९२० ते १९४९, अवघ्या तीस वर्षांत हा व्यवसाय कॉलेज, पदवी, नोंदणी आणि नियम यांच्यासह उभा राहिला. उमरठचा इतिहास साडेतीनशे वर्षं मागे जातो. त्या मानाने डेंटिस्ट हा कालचा पाहुणा.

दोन बहिणींचे दात

हा पाहुणा मुंबईत उतरला आणि तिथेच राहिला. त्याचा परिणाम मी माझ्या घरातच पाहिला. माझी आई महाडजवळच्या आमच्या गावात राहिली. तिची धाकटी बहीण लग्न होऊन मुंबईला, माझगावला गेली. एकाच आईच्या दुधावर वाढलेल्या दोन मुली, हाडापेराने सारख्या. मावशीची दाढ दुखली तेव्हा ती दोन गल्ल्या ओलांडून दवाखान्यात गेली. दाढ भरून आली. आईची दुखली तेव्हा ती काढली. मग पुढची काढली. साठीत आई भाकरी दुधात कुस्करून खात होती आणि सत्तरीत मावशी फुटाणे खात होती. ‘दात आहेत तर चणे नाहीत’ ही म्हण नशिबावर बोट ठेवते. आमच्या घरात मात्र फरक नशिबाचा नव्हता, एस.टी.च्या भाड्याचा आणि दोन गल्ल्यांचा होता.

आणि हे काही फक्त खाण्यापुरतं नसतं. दात गेले की गाल बसतात, शब्द निसटतात, माणूस हसताना तोंडावर पदर धरतो. आईला गाणी येत होती, लग्नातली, हळदीची. दात गेल्यावर ती गायची थांबली. कवितेत रमणाऱ्या माझ्यासारख्याला ‘दंत्य’ अक्षरं व्याकरणाच्या पुस्तकात भेटली. त, थ, द, ध, न यांना दात लागतात हे खरं कळलं ते आईचं बोलणं ऐकून.

मिशेरी आणि पुडी

आमच्या बायकांचे दात नुसत्या किडीने गेले नाहीत, मिशेरीनेही गेले. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांवर चोळायची. घरभर तो खमंग, जळका वास. नाव दात घासण्याचं, काम नशेचं. लहानपणी दात दुखला म्हणून लावायला सुरुवात होई आणि मरेपर्यंत सुटत नसे. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी आणली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण आणणार?

मग सुपारीच्या आणि गुटख्याच्या पुड्या आल्या. सतत सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी ताठर होते, तोंड उघडेनासं होतं. १९५२ साली श्वार्ट्‌झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला आणि १९५३ साली भारतात जोशी यांनी त्याचं वर्णन करून ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिलं. यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पुड्या तरीही मिळतात, हे मी सांगायला नको.

इथे साध्या डेंटिस्टचं मोल कळतं. तोंडाच्या कर्करोगाचा माणूस आधी मुंबईला टाटा रुग्णालयात जात नाही. तो आधी दाढ दुखते म्हणून, तिखट झोंबतं म्हणून गावाजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे जातो. त्याने गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहिला, ‘तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा’ म्हटलं आणि ती गेली नाहीत, तर त्याच दिवशी त्या माणसाचा जीव वाचायला सुरुवात होते. गडाला मेटं असतात, तिथे पहारा असतो. शरीराच्या गडाचं पहिलं मेट म्हणजे तोंड, आणि पहारेकरी हा डॉक्टर.

“काढूनच टाका”

आता या पहारेकऱ्याची नोकरी कशी असते तेही पाहू. बारावीनंतर नीटची परीक्षा, चार वर्षांचा बी.डी.एस., एक वर्ष इंटर्नशिप, मग राज्य परिषदेकडे नोंदणी. खासगी कॉलेजात शिकायचं तर खर्च लाखांत. दवाखाना काढायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे. म्हणजे पुन्हा कर्ज. इतर डॉक्टर स्टेथोस्कोप आणि पेनावर सुरुवात करू शकतो, डेंटिस्टला आधी कारखाना उभारावा लागतो. दिवसभर मान वाकवून, एका बोटाएवढ्या जागेत, हलत्या जिभेला आणि लाळेला चुकवत काम. पन्नाशीत यातल्या अनेकांची मान आणि कंबर बोलू लागते.

महाड-पोलादपूर भागात काम करणारा एक डेंटिस्ट माझ्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात वीज गेली की कॉम्प्रेसर बंद, म्हणजे अर्धी कोरलेली दाढ तशीच. म्हणून त्याने जनरेटर घेतला. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा त्याची खुर्ची, कपाटं, साचे, सगळं गाळात गेलं. त्याच दिवसांत तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळून माणसं गेली. “माणसं गेली तिथे खुर्चीचं काय घेऊन बसता,” असं म्हणून तो गाळ उपसायला लागला. पुन्हा कर्ज काढून त्याने दवाखाना सुरू केला.

त्याच्या दवाखान्यात मी एकदा बाकावर बसलो होतो. वरच्या वाडीतून एक आजी आल्या होत्या. त्याने तपासून सांगितलं, “आजी, दाढ चांगली आहे. रूट कॅनल केलं तर दहा-पंधरा वर्षं चालेल. तीनदा यावं लागेल.”

आजी म्हणाल्या, “काढूनच टाक रे बाबा.”

“अहो, वाचते आहे ना!”

“वाचतेय रे. पण तीनदा यायचं म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडली. गाडी सकाळची एक, संध्याकाळची एक. आणि नातू शाळेतून आला की त्याला भाकरी कोण देणार?”

डॉक्टर गप्प झाला. त्याने इंजेक्शन भरलं. आजी गेल्यावर मला म्हणाला, “कॉलेजमध्ये आम्हाला दात वाचवायला शिकवतात. इथे रोज दात काढताना वाटतं, मी त्या जत्रेतल्या वैद्याहून वेगळा काय? फरक एवढाच, माझ्या सुईने दुखत नाही.”

मला वाटतं, दंतवैद्यकाचा सगळा इतिहास या दोन वाक्यांत आहे. बॅबिलोनियापासून बोस्टनपर्यंत माणसाने जी मजल मारली, ती दात उपटण्यापासून दात राखण्यापर्यंतची. ही मजल शास्त्राने पुरी केली, पण एस.टी.च्या वेळापत्रकाने ती अर्ध्यावर अडवली. आजीच्या हिशेबात चूक नव्हती. चूक असलीच तर ती अंतरात आहे.

गर्दी तिथे, वाट इथे

आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. कशेडी घाट ओलांडला की पलीकडे खेडला एक आहे, उत्तरेला नवी मुंबईकडे तर अनेक. म्हणजे डेंटिस्ट तयार होत नाहीत असं नाही. पण शहरात एका रस्त्यावर चार-चार पाट्या दिसतात, नवी मुलं दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबतात, काही परदेशी जातात, काही हा व्यवसायच सोडतात; आणि घाटाखालच्या वाडीत दाढदुखीवर अजूनही लवंगच असते. दोष मुलांना देऊ नये. कर्ज काढून शिकलेल्या मुलीने उमरठला दवाखाना थाटावा असं म्हणणं सोपं आहे. तिथे रोज किती रुग्ण येणार आणि कर्जाचा हप्ता कसा फिटणार, हेही सांगावं लागेल.

सरकारने २०१४ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. २०२३ मध्ये संसदेने नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा मंजूर केला, तो १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. कागद बदलतात, ते बदलायलाही हवेत. पण मला वाटतं, उमरठसारख्या गावाला मोठ्या योजनेपेक्षा एक ठरलेला वार हवा आहे. आठवड्यातून एक दिवस, त्याच वेळी, त्याच शाळेत किंवा समाजमंदिरात, छोटी हलवता येणारी खुर्ची घेऊन येणारा एक डॉक्टर. आजीला तीनदा महाडला जायला नको, डॉक्टरने तीन आठवडे वर यावं. त्याच्या फेरीचे पैसे सरकारने द्यावेत, ग्रामपंचायतीने द्यावेत, नाहीतर मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळाने द्यावेत. शिमग्याला आणि गणपतीला गावात देऊळ रंगवण्यासाठी, सभामंडप बांधण्यासाठी वर्गणी जमते. त्यातला थोडा वाटा गावच्या तोंडात पडला तर देवाला राग येणार नाही.

आणि या फेरीची सुरुवात म्हाताऱ्यांपासून नको, पहिलीच्या वर्गापासून हवी. याचं कारण त्या डेंटिस्टनेच मला समजावलं. मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या आधी कुठला दात पडत नाही, गाजावाजा होत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं, हीसुद्धा दुधाचीच. किडली तर पडेल आणि दुसरी येईल. पण ती दुसरी कधीच येत नाही. ही दाढ कायमची असते, आयुष्यभराचं चावणं तिच्यावर असतं, आणि तीच फार लवकर किडते, तीच फार लवकर उपटली जाते. तिच्या खाचांवर लहानसा लेप भरून घेतला तर ती वाचते. काम काही मिनिटांचं, सुई नाही, रक्त नाही.

या जूनमध्ये उमरठच्या आणि आसपासच्या वाड्यांच्या शाळांत जी पोरं पहिलीत बसतील, त्यांच्या हिरडीतून ही दाढ वर येऊ लागलेली असेल. तुमच्या घरात सहा वर्षांचं मूल असेल तर आज त्याला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि सगळ्यात मागची दाढ मोजून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)